औषध चालतं, बिल अडतं

बेव्हॅसिझुमॅब हे औषध मुळात आतड्याच्या कॅन्सरचं. अमेरिकेत त्याला २००४ मध्ये मान्यता मिळाली आणि पुढच्याच वर्षी मायामीचे नेत्रतज्ज्ञ डॉ. फिलिप रोझेनफेल्ड यांनी ते भलत्याच ठिकाणी वापरून पाहिलं. उतारवयात डोळ्याच्या पडद्यामागे नको त्या रक्तवाहिन्या वाढतात, त्या गळतात आणि मधली नजर जाते. अशा रुग्णांच्या डोळ्यात त्यांनी त्याचा इवलासा डोस टोचला आणि गुण आला. बेव्हॅसिझुमॅब बनवणाऱ्या कंपनीनेच खास डोळ्यासाठी बनवलेलं रॅनिबिझुमॅब २००६ मध्ये बाजारात आलं, तेव्हा अमेरिकेत त्याच्या एका इंजेक्शनला सुमारे २,००० डॉलर पडत होते. कॅन्सरच्या कुपीतून काढलेल्या डोसाला ५० डॉलरच्या आसपास. २०११ मध्ये अमेरिकी सरकारच्या पैशांतून झालेल्या मोठ्या चाचणीचा निकाल आला: नजरेच्या बाबतीत दोन्ही औषधं तोडीस तोड.

भारतातल्या नेत्रतज्ज्ञांनी हे केव्हाच ओळखलं होतं. चार मिलिलिटरच्या कुपीतून एका डोळ्याला लागतं फक्त ०.०५ मिलिलिटर. म्हणून एकाच सकाळी बऱ्याच रुग्णांना बोलवायचं, निर्जंतुक खोलीत कुपीतून छोट्या सिरिंजा भरून घ्यायच्या आणि खर्च सगळ्यांत वाटून टाकायचा. यात जोखीम आहेच. २०१६ च्या सुरुवातीला अहमदाबादेत अशा इंजेक्शनांनंतर काही रुग्णांचे डोळे सुजले, केंद्रीय औषध नियंत्रकांनी या वापराविरुद्ध इशारा काढला आणि नेत्रतज्ज्ञांनी बाजू मांडल्यावर तो काही महिन्यांत मागे घेतला. जागतिक आरोग्य संघटनेने तर हे औषध डोळ्याच्या उपचारासाठी २०१३ मध्येच अत्यावश्यक औषधांच्या यादीत घातलं होतं.

आणि विमा? त्या काळातल्या कित्येक मेडिक्लेम पॉलिसींच्या अपवादांच्या यादीत म्हातारपणी पडद्याला होणाऱ्या या आजाराचं नावच छापलेलं असे. म्हणजे औषध स्वस्तातलं निवडा की महागातलं, नोंदणी असलेलं की नसलेलं, पैसे मिळणार नव्हतेच. ज्यांनी ती यादी वाचली नव्हती त्यांना हे क्लेम फेटाळल्याच्या पत्रातूनच कळलं.

डॉक्टरने दिलेलं औषध आणि विमा कंपनीने मान्य केलेलं औषध यांच्यामधल्या या फटीत दरवर्षी किती कुटुंबं अडकतात, याची वेगळी मोजदाद होत नाही. एकूण चित्र मात्र विमा नियामकाच्याच अहवालात आहे. २०२३-२४ मध्ये आरोग्य विमा कंपन्यांकडे सुमारे १ लाख १७ हजार कोटी रुपयांचे दावे आले आणि ८३,४९३ कोटी चुकते झाले. एका दाव्यामागे सरासरी साधारण ३१ हजार रुपये. ही सरासरी मोतीबिंदूची, डेंग्यूची, अपेंडिक्सची. इम्युनोथेरपीच्या एका डोसाचं बिल लाखांत जातं, आणि व्यवस्थेची घडी ३१ हजारांच्या हिशेबाने बसलेली. खटका इथूनच सुरू होतो.

आधी ऑफ-लेबलचं पाहू, कारण सगळ्यात जास्त गैरसमज तिथे आहेत. औषध नियंत्रक एखाद्या औषधाला परवानगी देतात ती ठरावीक आजारासाठी, ठरावीक डोसात. डॉक्टरने ते दुसऱ्या आजाराला किंवा वेगळ्या डोसात दिलं की तो ऑफ-लेबल वापर. कंपनीला अशा वापराची जाहिरात करता येत नाही, पण डॉक्टरने आपल्या जबाबदारीवर तसं लिहून देण्याला भारतात सरसकट कायदेशीर बंदी नाही. बंदी आलीच तर एकेका वापरापुरती येते. स्तनाच्या कॅन्सरचं लेट्रोझोल वंध्यत्वाच्या उपचारात वापरायला सरकारने २०११ मध्ये मनाई केली आणि २०१७ मध्ये ती उठवली. लहान मुलांच्या वॉर्डात, न्यूरॉलॉजीत, कॅन्सरमध्ये ऑफ-लेबल प्रिस्क्रिप्शन हा रोजचा व्यवहार आहे. रिटुक्सिमॅबचंच बघा. लिम्फोमा आणि संधिवाताचं हे औषध, पण मल्टिपल स्क्लेरॉसिससाठी जगभरचे न्यूरॉलॉजिस्ट ते वर्षानुवर्षं देत आले. २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने नेमक्या याच वापरासाठी ते अत्यावश्यक यादीत घेतलं. ऑफ-लेबल म्हणजे अघोरी प्रयोग, ही समजूत इथेच निकालात निघायला हवी.

पॉलिसीची भाषाही, नीट वाचली तर, ती समजूत बाळगत नाही. विमा नियामक इर्डाने सप्टेंबर २०१९ मध्ये अपवादांची भाषा सगळ्या कंपन्यांसाठी एकसारखी केली आणि प्रत्येक अपवादाला कोड नंबर दिला. त्यातला सोळावा कोड ‘अनप्रूव्हन ट्रीटमेंट’चा आहे. परिणामकारकता दाखवणारा पुरेसा वैद्यकीय पुरावा ज्या उपचारामागे नाही, तो उपचार पॉलिसीबाहेर. या अठरा कोडांत ‘ऑफ-लेबल’ असा शब्द कुठेही नाही. प्रायोगिक उपचाराच्या ठरवून दिलेल्या व्याख्येतही कसोटी आहे ती भारतातल्या प्रस्थापित वैद्यकीय पद्धतीची. ‘वैद्यकीयदृष्ट्या आवश्यक’ उपचाराची व्याख्या तर आणखी मोकळी आहे: आंतरराष्ट्रीय वैद्यक व्यवहारात किंवा भारतातल्या वैद्यक समुदायात सर्वमान्य असलेल्या दर्जाला धरून तो असावा. म्हणजे विचारायचा प्रश्न ‘नोंदणी आहे का’ हा नव्हे, ‘पुरावा आहे का’ हा आहे. तरीही टीपीएच्या, म्हणजे कंपन्यांसाठी दावे हाताळणाऱ्या संस्थांच्या, पत्रांत पहिला प्रश्न सर्रास दिसतो, कारण तो विचारणं सोपं. औषधाचं पत्रक उघडायचं, आजाराचं नाव शोधायचं, सापडलं नाही की शेरा मारायचा.

कोविडमध्ये याचा कळस झाला. मे २०२१ मध्ये अँटिबॉडी कॉकटेल भारतात आलं, एका रुग्णाचा डोस ५९,७५० रुपयांना. सरकारी परवानगी आणीबाणीच्या वापराची होती. काही विमा कंपन्यांनी त्याच शब्दांवर बोट ठेवलं आणि ‘प्रायोगिक’ म्हणून दावे परत पाठवले. त्यात बरेचसे रुग्ण काही तासांसाठीच दाखल होऊन इंजेक्शन घेऊन घरी गेलेले, त्यामुळे नकाराला दुसरं कारणही आयतं मिळालं.

हे दुसरं कारणच खरं तर पहिल्याहून जड आहे. भारतातला आरोग्य विमा अजूनही खाटेभोवती फिरतो. रुग्ण चोवीस तास दाखल हवा, नाहीतर उपचार डे-केअरमध्ये बसणारा हवा. औषध काय आहे, ते किती गरजेचं आहे, याच्या आधी ते कुठे घेतलं हे पाहिलं जातं. संधिवाताच्या रुग्णाला इन्फ्लिक्सिमॅब द्यायचं तर हॉस्पिटलात दोन-तीन तास सलाइनमधून द्यावं लागतं. त्याचा दावा निदान उभा तरी राहतो. त्याच आजारावरचं अ‍ॅडॅलिमुमॅब रुग्ण घरी स्वतःच पोटावर टोचून घेतो. झायडसने २०१४ च्या अखेरीस त्याची जगातली पहिली बायोसिमिलर आवृत्ती भारतात आणली, किंमत खाली आली. पण घरी टोचलेलं इंजेक्शन म्हणजे ओपीडी, आणि ओपीडी म्हणजे बहुतेक पॉलिसींत शून्य. मग डॉक्टर रुग्णाचं पाकीट पाहून खाटेवर देता येईल ते औषध निवडतात. यात वाचलं कोणाचं काय, हे त्या डॉक्टरलाही सांगता येणार नाही.

वडोदऱ्याच्या ग्राहक आयोगाने मार्च २०२३ मध्ये यावर रोखठोक मत दिलं होतं. नव्या तंत्रामुळे उपचार लवकर आटोपत असतील, तर केवळ चोवीस तास भरले नाहीत म्हणून क्लेम नाकारता येणार नाही. निकाल जिल्हा पातळीवरचा, देशभर बंधनकारक नव्हे. पण तक्रारीला जोडायला उपयोगी.

अपवादांची भाषा ठरवणाऱ्या २०१९ च्या परिपत्रकांनी एक दार मात्र खरोखर उघडलं. बारा आधुनिक उपचारांची यादी करून इर्डाने सांगितलं, की हे पॉलिसीतून वगळता येणार नाहीत. त्यात तोंडाने घ्यायची केमोथेरपी आहे, इंजेक्शनने द्यायची मोनोक्लोनल अँटिबॉडी इम्युनोथेरपी आहे, आणि डोळ्यात टोचायची इंजेक्शनंही आहेत. ज्या आजाराचं नाव अपवादांत छापलं जायचं, त्याचा उपचार यादीत आला. पण वगळता येत नसलं तरी मर्यादा घालता येते, आणि कंपन्यांनी ती घातली. कुठे विमा रकमेच्या निम्म्यापर्यंत, कुठे ठरावीक आकड्यापर्यंत. दहा लाखांची पॉलिसी अभिमानाने दाखवणाऱ्या माणसाला इम्युनोथेरपीच्या वेळी कळतं, की त्या कप्प्यात त्याच्या वाट्याला फार थोडे आहेत. नव्या पॉलिसीच्या माहितीपत्रकात ‘सब-लिमिट’चा तक्ता असतो, एजंट तो क्वचितच वाचून दाखवतो.

आता मुंबईकडे येऊ. तोंडाचा आणि घशाचा कॅन्सर हा तंबाखूच्या मुलखातला आजार, आणि परळच्या टाटा मेमोरियलमध्ये त्याचे रुग्ण हजारोंनी येतात. बळावलेल्या अवस्थेत निव्होलुमॅबसारखं इम्युनोथेरपीचं औषध चालतं, पण पूर्ण डोस परवडणारे रुग्ण तिथे अगदी मोजके. मग टाटाच्या डॉक्टरांनी वेगळीच चाचणी केली. नेहमीचा डोस दर दोन आठवड्यांनी २४० मिलिग्रॅम. त्यांनी दिला दर तीन आठवड्यांनी फक्त २०. म्हणजे सहा आठवड्यांत ७२० ऐवजी ४० मिलिग्रॅम. जोडीला तोंडाने घ्यायची स्वस्त औषधं: मेथोट्रेक्सेट, एर्लोटिनिब, आणि सेलेकॉक्सिब, जी एरवी गुडघेदुखीची गोळी. १५१ रुग्णांच्या या अभ्यासात नुसत्या गोळ्यांच्या गटात वर्षभराने १६.३ टक्के रुग्ण हयात होते. निव्होलुमॅबचा हा चिमूटभर डोस जोडलेल्या गटात ४३.४ टक्के. कर्करोगतज्ज्ञांच्या नामांकित अमेरिकी नियतकालिकात तो प्रसिद्ध झाला.

विम्याच्या चष्म्यातून हा उपचार कसा दिसतो? डोस ऑफ-लेबल. गुडघेदुखीची गोळी कॅन्सरला, तीही ऑफ-लेबल. गोळ्या घरी घ्यायच्या, म्हणजे ओपीडी. इंजेक्शन तासाभराचं. नकाराला जितकी कारणं लागतील तितकी एका फाइलीत हजर. आणि विम्याच्याच हिशेबाने पाहिलं तर कंपनीचे सर्वाधिक पैसे वाचवणारा उपचारही हाच. पत्रकात छापलेल्या पूर्ण डोसाचं बिल मर्यादेपर्यंत पास होऊ शकतं आणि त्याच्या अठराव्या हिश्श्याच्या औषधाला क्वेरी येते, हे कोणत्याही अ‍ॅक्च्युअरीने शांतपणे बसून पाहायला हवं.

क्वेरी हा शब्द ज्यांना ऐकायला लागला नाही ते भाग्यवान. हॉस्पिटलच्या तळमजल्यावरच्या टीपीए डेस्कवर प्री-ऑथचा, म्हणजे पूर्वमंजुरीचा, फॉर्म भरला जातो, तो कंपनीकडे जातो आणि महागडं औषध असेल तर उत्तरादाखल मागण्यांची यादी येते. बायोप्सी रिपोर्ट, मॉलिक्युलर टेस्ट, आधीच्या उपचारांचे पेपर, हेच औषध का याचं स्पष्टीकरण, औषधाचं मूळ बिल, कुपीवरचं बॅच नंबरचं स्टिकर. डेस्कवरचा मुलगा ती यादी नातेवाइकाच्या हातात देतो आणि नातेवाईक जिना चढून वॉर्डात रेसिडेंट डॉक्टरला शोधू लागतो. रेसिडेंट लेटरहेडवर दोन ओळी खरडतो: ‘रुग्णाला सदर इंजेक्शनची गरज आहे.’ या दोन ओळींवर कित्येक लाखांचा दावा उभा असतो, आणि कोसळतो.

ज्यांचे दावे पास होतात त्यांच्या फाइलीत पत्र वेगळं असतं. आजार कोणत्या टप्प्यावर आहे, आधी कोणती औषधं दिली, ती कधी आणि का बंद केली, हे तारखांसह. या वापराला कोणत्या मार्गदर्शक तत्त्वांचा आधार आहे: कॅन्सर असेल तर अमेरिकेच्या एनसीसीएनची किंवा आपल्याकडच्या नॅशनल कॅन्सर ग्रिडची, रिटुक्सिमॅब असेल तर जागतिक आरोग्य संघटनेची यादी. संबंधित पान जोडलेलं. आणि हे औषध हॉस्पिटलातच का द्यावं लागतं याचं एक वाक्य: शिरेतून द्यायचं आहे, रिअ‍ॅक्शन येऊ शकते, मॉनिटरवर ठेवावं लागतं. हे वाक्य नसेल तर ‘दाखल करण्याची गरज नव्हती’ हा शेरा ठरलेला. पत्रावर कन्सल्टंटची सही, रजिस्ट्रेशन नंबरसह. अर्ध्या तासाचं काम आहे, पण गर्दीच्या ओपीडीत तो अर्धा तास मागून घ्यावा लागतो.

दोन बारीक नियम फार लोकांना माहीत नसतात. मर्यादेपेक्षा महागडी खोली घेतली की कंपनी बाकीच्या बिलालाही त्याच प्रमाणात कात्री लावते; पण जून २०२० च्या नियमांनुसार ही कात्री औषधांच्या, कन्झ्युमेबल्सच्या, इम्प्लांटच्या आणि तपासण्यांच्या खर्चाला लावता येत नाही. दुसरं, दाखल होण्याआधीचा आणि नंतरचा काही काळ, साधारणपणे आधीचे तीस आणि नंतरचे साठ दिवस, पॉलिसीत धरलेला असतो. त्या दिवसांतली मेडिकलची बिलं जपून ठेवली तर मिळतात. नोकरीतल्या ग्रुप पॉलिसीत याशिवाय ‘कॉर्पोरेट बफर’ नावाची राखीव रक्कम असू शकते. ती एचआरच्या शिफारशीने वापरता येते आणि न मागणाऱ्याला ती आहे हेही कोणी सांगत नाही.

इर्डाच्या २९ मे २०२४ च्या मास्टर सर्क्युलरने कंपन्यांवर आणखी काही बंधनं घातली. कॅशलेसच्या विनंतीवर तासाभरात निर्णय, डिस्चार्जच्या वेळी तीन तासांत अंतिम मंजुरी. त्याहून महत्त्वाचं म्हणजे एकट्यादुकट्या अधिकाऱ्याला क्लेम फेटाळता येत नाही. कंपनीच्या आढावा समितीची मंजुरी लागते आणि नकाराच्या पत्रात पॉलिसीचं नेमकं कलम लिहावं लागतं. ‘पॉलिसीनुसार देय नाही’ एवढ्यावर ज्यांची बोळवण झाली, त्यांनी पहिल्यांदा हे कलमच मागावं. पाच वर्षं सलग पॉलिसी चालवली असेल, तर सिद्ध झालेली फसवणूक सोडून माहिती लपवल्याचं कारण आता पुढे करता येत नाही. ‘बीपी सांगितलं नव्हतं’ हे मोठ्या बिलांच्या वेळी हमखास निघणारं हत्यार होतं. त्याची धार त्यामुळे बरीच बोथट झाली.

कंपनीच्या तक्रार कक्षाने महिनाभरात दाद दिली नाही की विमा लोकपाल. फी नाही, वकील नाही, ५० लाखांपर्यंतचे वाद चालतात, नकारानंतर वर्षाच्या आत जावं लागतं. मुंबई आणि पुण्यात कार्यालयं आहेत, गोव्याची प्रकरणं मुंबईकडे येतात. लोकपालांचा निवाडा तीस दिवसांत पाळला नाही तर कंपनीला दिवसाला ५,००० रुपये दंड. अडचण एकच: केमोच्या पुढच्या सायकलची तारीख लोकपालांच्या तारखेसाठी थांबत नाही. कुटुंब सोनं मोडतं, औषध घेतं आणि मग भरपाईसाठी भांडत बसतं.

अमेरिकेत ऑफ-लेबल औषधाच्या पैशांचा प्रश्न १९९३ मध्येच कायद्याने हाताळला. मान्यताप्राप्त औषधसंग्रहांत कॅन्सरवरच्या एखाद्या ऑफ-लेबल वापराला आधार असेल, तर ज्येष्ठांच्या मेडिकेअर योजनेने त्याचे पैसे द्यायचे. २००८ मध्ये एनसीसीएनचा संग्रहही त्यात धरला गेला. कॅन्सरबाहेरच्या आजारांना तिथेही इतकी सवलत नाही, आणि खासगी कंपन्यांच्या प्री-ऑथचा जाच तिथल्या मराठी कुटुंबांना इथल्याइतकाच परिचयाचा आहे. पण पुरावा कुठे शोधायचा, हे निदान लिहून ठेवलंय. भारतात इर्डाने कसोटी पुराव्याची लावली. पुरावा म्हणून कोणती यादी धरायची, हे मात्र त्या भाषेत नाही. नॅशनल कॅन्सर ग्रिडची तत्त्वं तयार आहेत. ती या कामासाठी अधिकृत धरायला नवा कायदा लागणार नाही, एक परिपत्रक पुरेल.

सरकारी योजनांचं गणित वेगळं. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत आता राज्यातल्या सर्व कुटुंबांना वर्षाला ५ लाखांपर्यंतचं कवच आहे, पण ते ठरलेल्या उपचारांचंच. पॅकेजमध्ये औषध असेल तर एक पैसा लागत नाही, नसेल तर युक्तिवादाला जागाच नाही. आयआयटी मुंबई आणि टाटाने मिळून उभी केलेली कार-टी पेशींची कॅन्सरवरची उपचारपद्धती २०२३ मध्ये मान्य झाली. परदेशातल्या किमतीच्या तुलनेत ती अगदी स्वस्त, तरीही ३० ते ४० लाखांच्या घरात. पाच लाखांची कोणतीही योजना तिथे तोकडीच. गोव्याने २०२४ मध्ये निराळी वाट धरली. स्तनाच्या एका प्रकारच्या कॅन्सरवरचं महागडं संयुक्त इंजेक्शन गोवा मेडिकल कॉलेजात मोफत द्यायला सुरुवात केली. दावा नाही, टीपीए नाही, औषध थेट रुग्णाच्या मांडीपर्यंत. लहान राज्याला हे जमतं, हेही खरं.

किंमतच पाडण्याचा रस्ता या सगळ्यांहून परिणामकारक ठरताना दिसतो. नॅशनल कॅन्सर ग्रिडने सदस्य हॉस्पिटलांच्या मागण्या एकत्र करून ४० औषधांसाठी घाऊक बोली लावली, तेव्हा औषधानुसार २३ पासून ९९ टक्क्यांपर्यंत सूट मिळाली. सप्टेंबर २०२५ मध्ये वैयक्तिक आरोग्य विम्याच्या हप्त्यावरचा जीएसटी गेला आणि ३३ जीवनरक्षक औषधांवरचाही. वजन आणि मधुमेहाच्या नव्या इंजेक्शनांचंही तेच. टिर्झेपटाइड मार्च २०२५ मध्ये भारतात आलं, २.५ मिलिग्रॅमची आठवड्याची कुपी ३,५०० रुपयांना. हे घरी टोचायचं औषध, तेव्हा खाटेचा विमा त्याच्या वाऱ्याला उभा राहत नाही. सेमाग्लुटाइडच्या ग्राहकांनी म्हणूनच पॉलिसीकडे न पाहता पेटंटच्या मुदतीकडे डोळे लावले. भारतात ती मार्च २०२६ पर्यंतची.

सगळ्यात टोकाचं उदाहरण स्पायनल मस्क्युलर अ‍ॅट्रोफीचं. २०२१ मध्ये मुंबईतल्या एका बाळासाठी १६ कोटींचं इंजेक्शन लोकवर्गणीतून आलं आणि केंद्राने त्यावरचा सुमारे ६ कोटींचा कर माफ केला. त्याच आजारावरचं रिसडिप्लाम हे रोज तोंडाने घ्यायचं औषध; बाटलीची छापील किंमत ६ लाख २० हजारांच्या आसपास होती. दुर्मीळ आजारांच्या राष्ट्रीय धोरणात ५० लाखांपर्यंत मदत मिळते, मुंबईत त्यासाठी केईएम हे केंद्र आहे. त्या छापील दराने ती रक्कम आठ बाटल्यांत संपत असे. दिल्ली उच्च न्यायालयात पेटंटची लढाई हरल्यावर मूळ कंपनीची सर्वोच्च न्यायालयातही डाळ शिजली नाही, आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये नॅटको कंपनीची त्याच औषधाची बाटली १५,९०० रुपयांना बाजारात आली. त्या ५० लाखांत आता तीनशेहून जास्त बाटल्या येतात.